नरसाळ्यातून सांडलेली नावं

नीलमने ‘नोकरी’ हा चौथा टप्पा माऊसने ओढून नरसाळ्याच्या आकाराच्या चार्टवर सोडला आणि नरसाळ्याची नळी इतकी बारीक झाली, की तिच्यातून मुंगीलाही वाकून जावं लागलं असतं. नावनोंदणीचा पट्टा रुंद, प्रशिक्षणाचा जरा कमी, परीक्षेचाही धड. आणि त्याखाली एकदम दोरा. तलासरीच्या शिवण केंद्रात मुली येत होत्या, शिकत होत्या, पास होत होत्या आणि मग, सॉफ्टवेअरच्या मते, हवेत विरून जात होत्या.

संस्थेच्या डहाणू ऑफिसचा प्रमुख देवेश तिच्या खुर्चीमागे उभा होता. उद्या मुंबईहून देणगीदारांच्या मॅडम तलासरीला येणार होत्या. केंद्र पुढे चालवायचं की बंद करायचं, हे त्या हाच चार्ट बघून ठरवणार होत्या.

“शेवटचा टप्पा काढून टाक,” देवेश म्हणाला. “तीन टप्प्यांचं फनेल मस्त दिसतंय.”

“पण सर, त्यांनी नोकरीचंच विचारलंय.”

“मग केंद्राला कुलूप लावायला तूच जा.”

नीलमला राग आला, आणि देवेशपेक्षा चार्टचा जास्त. चार्ट खोटं बोलत नाही यावर तिची श्रद्धा होती. पण डबे घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढणाऱ्या तलासरीच्या मुली तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मग त्या कोण होत्या? तिने टप्पा काढला नाही. लॅपटॉप मिटला आणि सकाळी जीपने तलासरी गाठली.

कंपन्यांची सुट्टी होती, म्हणून केंद्र चालवणाऱ्या सुधाताईंनी सगळ्या जुन्या मुलींना बोलावून घेतलं होतं. ताईंच्या आवाजाला मुलीच काय, शिलाई मशीनही दबकून असे.

“काळी, सतरंजी झटक गं!”

नवा पंजाबी ड्रेस घातलेली एक मुलगी लगबगीने पुढे आली. सुट्टी असूनही तिने कंपनीचं ओळखपत्र गळ्यात मिरवलं होतं. त्यावर ‘कविता’ असं छापलेलं नीलमने वाचलं.

“तुझं नाव कविता ना?”

“कंपनीत कविता. घरी काळी.” मुलगी हसली. “शाळेत बाईंनी कविता लिवलं, तेच आधारवर आलं. इथे ताईंनी विचारलं, तुला काय म्हणतात? मग काळीच सांगितलं.”

नीलम जवळच्या स्टुलावर मटकन बसली. केंद्राची नोंद घरच्या नावाने, कंपनीची यादी आधारच्या नावाने, आणि तिने सॉफ्टवेअरला सांगून ठेवलेलं, की नाव जुळलं तरच माणूस पुढच्या टप्प्यात! काळी नरसाळ्यातून खाली सांडली होती आणि कविता कुठून टपकली याची सॉफ्टवेअरला पर्वा नव्हती.

“काय चुकलं का माझं?” सुधाताईंनी विचारलं. “परक्या नावाने हाक मारली तर पोरगी मशीनला हात तरी लावील का?”

“तुमचं काही चुकलं नाही, ताई. माझंच अडाणी नरसाळं.”

सुधाताई मागच्या खोलीत पाहुण्यांच्या चहाचं बघायला गेल्या आणि नीलम मुलींच्या घोळक्यात लॅपटॉप उघडून बसली.

“नरसाळं कुठाय? रॉकेलचं?” कोणीतरी विचारलं आणि हशा पिकला. बुधी ही सुनिता निघाली. बुधीची बहीण आपलं कागदावरचं नाव बुधीलाच विचारून आली. शेवटी नीलमने दोन्ही नावं जोडून चार्ट ताजा केला. दोरा जाड झाला, पट्टा झाला, रुंदावत परीक्षेच्या पट्ट्याला जवळजवळ जाऊन भिडला. दहावीच्या निकालालाही तिला इतका आनंद झाला नव्हता.

मॅडम आल्या. भिंतीवरचा चार्ट बघून त्यांनी चष्मा वर केला.

“हे फनेल आहे? हे तर पिंप आहे! इतकं चांगलं कुठेच नसतं. आकडे फुगवलेत तुम्ही.”

देवेश रुमाल शोधू लागला. नीलमने वाद घातला नाही. ती केंद्रातलं एकेक नाव मोठ्याने वाचू लागली.

“काळी.”

“कविता!” काळी उठून उभी राहिली. “उंबरगाव, ओव्हरलॉक मशीनवर.”

“बुधी.”

“सुनिता! कटिंगला.”

मागून आवाज चढत गेले. बसलेल्या मुली उभ्या राहत गेल्या, आणि खोलीत उभ्या मुलींचीच गर्दी झाली. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. तरी त्यांची नजर भिंतीवर, चार्टखालच्या नावांवरच होती.

“एक राहिली. लाडकी, पहिली बॅच. परीक्षेनंतर कुठेच नाही.”

नीलमने लॅपटॉपवर ते नाव पुन्हा पाहिलं. हे नाव मुलींपैकी कोणालाच ओळखता आलं नव्हतं, आणि देवेश तेव्हा संस्थेतच नव्हता.

“खरंच माहीत नाही, मॅडम.”

दारात सुधाताई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो हळूच मशीनवर ठेवला.

“ती मी,” त्या म्हणाल्या. “इथेच शिकले आणि इथेच शिकवायला लागले. कंपनीच्या यादीत कशी सापडणार?” पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं. “आई गेली, तसं त्या नावाने कोणी हाकच मारली नाही.”

मॅडमनी चष्मा काढला. त्या सुधाताईंकडे वळल्या.

“पुढची बॅच कधी सुरू करताय?” त्यांनी विचारलं.

नीलमने ‘लाडकी’समोर ‘सुधा’ लिहिलं. तेवढ्यात उभ्या मुलींमधून बुधीचा आवाज आला. ताईंना वर तोंड करून बोलायची तिची ही पहिलीच वेळ.

“लाडके, चहा निवतोय की गं!”

मुली बुधीकडे वळून पाहू लागल्या. सुधाताईंनी डोळे पुसले आणि ट्रे उचलला.

“आले,” त्या म्हणाल्या.