पार्वताबाईंचं अर्धं वाक्य

अकोटात जिनिंग सुरू झालं की कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगतात आणि अर्धी गल्ली खोकते. त्यामुळे पार्वताबाईंच्या खोकल्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर होता. रोजच्या एका गोळीने गाठ निम्म्यावर आली होती आणि त्या पुन्हा जोमाने नवऱ्याशी भांडायला लागल्या होत्या.

त्या सकाळी खुशालरावांनी जून वांगी आणली.

"अवो, डोळे घरी ठेवून गेलते का? ह्या वांग्याले तं ढोर बी..." पार्वताबाई थांबल्या. श्वास घेतला. "ढोर बी तोंड..." पुन्हा थांबल्या आणि हात झटकून आत गेल्या.

"जिंकलो!" खुशालराव ओरडले. "लग्नापासून पयल्यांदा!"

अपेक्षा हसली नाही. अमरावतीला एम.एस्सी. करणारी त्यांची ही मुलगी सुट्टीत घरी आली होती. आईचं वाक्य असं तुटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली.

"आई, खोकला कधीपासून?"

"जिनिंगचा हाय. साऱ्या गल्लीले हाय."

"गल्लीले दम नाई लागत."

पार्वताबाई कढईकडे बघत राहिल्या. "सांगितलं तं डॉक्टर गोळी बंद करन. तिच्यावरच तं मी जगून राहिली."

गोळी कॅन्सरच्या पेशींना रोखते, पण क्वचित निरोगी फुप्फुसालाही सूज आणते, आणि ती सूज जिवावर बेतू शकते, हे अपेक्षाने गोळीच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात वाचलं होतं. तिने लगेच डॉक्टरांना फोन लावला. आजची गोळी घेऊ नका, ताबडतोब या, असं ते म्हणाले.

अकोल्याला सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांवर सुजेचे धूसर पट्टे दिसले. गाठ मात्र लहानच होती. गोळी थांबली, ऑक्सिजन आणि स्टेरॉइड सुरू झालं.

"असं किती जणांले होते?" पार्वताबाईंनी विचारलं.

"शंभरात तीन-चार जणांना," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजे निवडून आली मी! आयकलं का, अपेक्षाचे बाबा?"

"आयकलं," खुशालराव म्हणाले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले.

आठवड्याने ऑक्सिजन निघाला. ती गोळी आता कायमची बंद, पण फुप्फुस निवळलं की दुसरं औषध देता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"पण खोकल्याचं आधी का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"तुमी विचारलं असतं तं खोटंच बोलली असती," पार्वताबाई म्हणाल्या. "आता नवं औषध काय काय करन, ते समदं सांगा. वाईटबी सांगा. मीबी सांगीन."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली.