आभाराचे पंचवीस पौंड

“सहा मिनिटं? नुसतं ‘थँक्यू’ वाचायला?” सोबत काम करणारा नॉर्मन वकिलाचं बिल नाचवत ओरडला. “तुझी वकीलबाई अक्षर लावून लावून वाचते काय रे?”

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्सच्या बस डेपोत इंजिनं दुरुस्त करणारा विल्फ्रेड मान खाली घालून चहा ढवळत राहिला. त्याच्या घटस्फोटात वकिलाच्या फीचं मीटर सहा-सहा मिनिटांनी पडायचं. काम अर्ध्या मिनिटाचं असलं तरी सहाचेच पैसे, पंचवीस पौंड. आणि विल्फ्रेडला आईने एकच गोष्ट ठोकून शिकवली होती: पत्र आलं की आभार मानायचे. बाईंनी कागद पाठवला, आभार. आभार पोचल्याचं कळवलं, त्याचेही आभार. अशी एका महिन्यात अकरा पत्रं, आणि प्रत्येक वाचायचे पैसे.

घर विकून त्याच्या वाट्याला जे येणार होतं, त्यात दोन खोल्यांची जागा जेमतेम बसत होती. एक त्याची, एक नऊ वर्षांच्या लेकीची, हेस्टरची, शनिवार-रविवारपुरती. प्रत्येक ‘थँक्यू’ त्या दुसऱ्या खोलीची एकेक वीट काढून नेत होतं.

“आता तोंड शिव,” नॉर्मन म्हणाला, “आणि ग्लेनिसशी तूच बोल. बायकोशी बोलायला फुकट असतं, गाढवा! आधीच बोलला असतास तर ही वेळच आली नसती.”

विल्फ्रेड बोलला. तिच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात, एका किटलीभर चहात सगळं मिटलं. सोफा तिचा, गाडी त्याची, शनिवार-रविवार हेस्टर त्याच्याकडे. दोघांच्या सहीचा कागद तेवढा कोर्टात द्यायचा राहिला.

“माझं चुकलंच, सॉरी,” विल्फ्रेड म्हणाला.

“छे, माझंच. सॉरी,” ग्लेनिस म्हणाली. पंधरा वर्षांच्या संसारात इतकं गोड कधी बोलणं झालं नव्हतं.

पण घरी आल्यावर त्याच्या जिवाला घोर लागला. वकीलबाईंना काय वाटेल? त्याने चार पानी पत्र लिहिलं: आमचं आम्हीच मिटवलं, कृपया मनाला लावून घेऊ नका, चूक सगळी माझी. ग्लेनिसही त्याच मातीतली. तिने आपल्या वकिलाला पाच पानं खरडली. दोन्ही वकिलांनी पत्रं वाचली, वरिष्ठांना दाखवली, आणि ‘चूक सगळी माझी’ म्हणजे नेमकं कोणी काय कबूल केलं, यावर दोन महिने खल चालला.

“बाई, थांबवा हो हे!” विल्फ्रेड फोनवर रडकुंडीला आला. “माझ्या पोरीची खोली चाललीय!”

“कळतंय मला. फार वाईट वाटतं,” बाई म्हणाल्या. त्या अगदी मनापासून हळहळल्या, आणि चांगली बारा मिनिटं हळहळल्या.

“थँक्यू,” विल्फ्रेड म्हणाला.

कोर्टाचा कागद आला तेव्हा एकाच खोलीचे पैसे उरले होते. पहिल्या शनिवारी हेस्टर यायच्या आत त्याने स्वयंपाकघरात स्वतःसाठी घडीची खाट उघडली, तिचा पाय फ्रिजला अडला, पुन्हा मिटवली, आणि आधी उद्या सकाळी लागणारं दूध फ्रिजमधून काढून खिडकीत ठेवलं. खाट उघडल्यावर फ्रिज उघडत नव्हता.