सुरुवातीपासून की शेवटून

टक्.

दुपारच्या चिडीचूप घरात तेवढाच आवाज झाला. थोडं थांबून पुन्हा, टक्. शिलाईचं मशीन बंद होतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ती पलंगाच्या कडेला बसून मांडीवरच्या कॅमेऱ्याकडे बघत होती. त्याचा छोटा पडदा उजळायचा, त्यावर काहीबाही अक्षरं उमटायची आणि विझायची. मग आतून कुणी नखाने दार वाजवावं तसं, टक्.

"काय गं वाजतंय?" सासूबाईंनी तोंड न वळवताच विचारलं.

"काही नाही आई. चालू होतोय."

चालू होत नव्हता. नवरा गेल्यापासून तो कपाटात साड्यांच्या खाली पडून होता आणि आजवर तिने त्याला हात लावला नव्हता. लावायची छाती झाली नव्हती, खरं सांगायचं तर. आज लेकीने भरीला घातलं.

लेक म्हणजे भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून बापानेच ठेवलेलं नाव. सकाळी शाळेला निघताना बुटात पाय कोंबता कोंबता तिने विचारलं होतं, "बाबांचा आवाज कसा होता?"

"जाड होता."

"म्हणजे कसा? करून दाखव ना."

तिने घसा खरवडून काहीतरी करून दाखवलं. सासूबाईंना ते मुळीच पटलं नाही. "अगं, असा कुठे बोलायचा तो? हा तर रेडा झाला!" असं म्हणून त्यांनी आपला वेगळा करून दाखवला. भिंगरी पोट धरधरून हसली. "दोघीपण खोट्या!" म्हणाली आणि पळाली. सासू-सुना दारातच उभ्या राहिल्या. एकाच माणसाचे दोन आवाज झाले होते, आणि त्यातला आपला तरी खरा, असं छातीठोकपणे म्हणायला दोघींपैकी कुणीच तयार नव्हतं.

नवरा ट्रक चालवायचा, लांब पल्ल्याचा. भिंगरी झाली तेव्हा तो रस्त्यावर होता. घरी आला तोवर ती मान धरायला लागली होती. पुढच्या खेपेला आला तर पालथी पडत होती. "माझी पोर मला तुकड्यातुकड्याने भेटते," तो म्हणायचा. एकदा येताना हा कॅमेरा घेऊन आला. हार्ड डिस्कचा. "कॅसेट नाही, सीडी नाही, बदलाबदलीची कटकट नाही. सगळं ह्याच्या पोटात राहतं. तू फक्त चालू करून ठेवत जा." घरात कॉम्प्युटर नव्हता. पोटातलं काढून दुसरीकडे कुठे ठेवायचं असतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं. ट्रंकेत कपडे ठेवावेत तसे ते दिवस त्यात ठेवत गेले.

ती घरबसल्या शर्टाच्या कॉलरी शिवायची. कपड्यांचे गठ्ठे सकाळी यायचे, संध्याकाळी जायचे. हात रिकामा म्हणून कधी नसायचाच. मग कॅमेरा धरणार कोण? तिने तो मशीनच्या टेबलावरच ठेवून दिला, खाली चिंधीची घडी घालून, तोंड जमिनीकडे वळवून. मोटर घुर्र करून सुटायची, टेबल थरथरायचं, खाली कापडाच्या तुकड्यांत भिंगरी रांगायची आणि कॅमेरा सगळं आत घेत राहायचा. नवरा आला की वायर टीव्हीला लावून जेवणखाण विसरून बघत बसायचा. "आपल्या घरात कायमचा भूकंप आहे गं," असं म्हणून हसायचा.

शेवटच्या खेपेला हसण्यावारी गेलं नाही. सासूबाई तेव्हा बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. तो असाच टीव्हीला डोळे लावून बसलेला, पडद्यावरच्या रांगणाऱ्या लेकीला टाळ्या वाजवत. आणि त्याच्या पाठीमागे, पलंगाचा पाय सोडून, खरी भिंगरी उभी राहिली आणि चालली. पहिल्यांदा. डुगडुगत थेट बापाच्या पाठीवर जाऊन आपटली. त्याने वळूनही न बघता हात मागे नेऊन तिला थोपटलं. कॅमेरा टीव्हीत अडकलेला. तिकडेही काही उतरलं नाही.

ती जी भडकली! "ठेवा ती डबड्यातलीच मुलगी उराशी! खरीचं काय काम तुम्हाला?" म्हणाली आणि बोलणंच टाकलं. तो अजिजीने मागेमागे फिरला, माकडचाळे करून पाहिले. ही गप्पच. दुसऱ्या दिवशी पहाटे तो निघाला तेव्हाही ती जागी होती, पण डोळे मिटून पडून राहिली. कानावर आलं ते एवढंच, की तो कॅमेरा हातात घेऊन हळू आवाजात काहीतरी बोलतोय. 'भिंगरे' एवढं कळलं, पुढचे शब्द नाहीत. मग दार ओढल्याचा आवाज.

उतारावर ट्रक उलटला, त्याच दिवशी.

इतकी वर्षं ती ते शब्द जुळवत आली होती. रागाचे असतील, की नसतील? कॉलर उलटवताना, तांदूळ निवडताना, भिंगरीची वेणी घालताना. ते या डब्यात होते आणि डबा टक् टक् करत होता.

दुरुस्तीवाल्याने कॅमेरा दोन दिवस ठेवून घेतला. मग दोघींना दुकानात बोलावलं.

"कुठे आपटला होता का, ताई?"

"नाही हो. फुलासारखा जपलाय."

"मग ठेवायचात कुठे?"

"मशीनच्या टेबलावर. शिलाईच्या."

"चालू मशीनच्या?" त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, आत ताटली फिरत असते. तिच्यावर केसभर अंतर ठेवून एक काटा तरंगतो. आणि तुम्ही त्याला रोजच्या रोज..." तिचा चेहरा बघून त्याने वाक्य गिळलं. "जाऊ द्या. तुम्हाला तरी कोण सांगणार होतं?"

"निघेल का काही?"

"थोडंफार. काटा मरायला टेकलाय. एका टोकाकडून वाचत जातो, तो जीव सोडेपर्यंत हाताला लागेल ते तुमचं. बोला, सुरुवातीपासून घेऊ की शेवटून?"

"सुरुवातीपासून," सासूबाई म्हणाल्या.

"शेवटून," ती म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या. "आमच्याकडेही रिमोटवरून असंच चालतं," दुरुस्तीवाला म्हणाला आणि आपणच हसला.

"आई, जरा बाहेर येता?"

दुकानाच्या पायरीवर सासूबाई हलक्या आवाजात बोलायला लागल्या, जणू कुणी हिरावून नेईल. "सुरुवातीला तो आहे गं. डबा आणला त्या दिवशी उलटा धरून आपलंच थोबाड काढत बसला होता. मी म्हटलं, अरे माकडा, पोरीचं काढ! तर असा खो खो हसला. आठवतं ना तुला? पुढे सगळी भिंगरीच आहे. तो आपला कॅमेऱ्यामागे."

तिला आठवत होतं. "शेवटीपण आहेत, आई. निघायच्या पहाटे बोललेत कॅमेऱ्यात."

"काय बोललाय?"

"ते कळलं नाही. हळू बोलत होते."

"मग उठून विचारायचंस की!"

ती पायरीवरची धूळ चपलेने सारखी करत राहिली.

"माझ्या लेकाचं हसणं आहे गं ते," सासूबाई म्हणाल्या. "दुसरीकडे कुठे नाही माझ्याकडे."

"भिंगरीशी बोललेत ते. तिला आवाज ऐकायचाय, आई."

यात खोटं काही नव्हतं. पण लेकीला पुढे करून आपण मागे लपलो, हे तिचं तिला कळत होतं. सासूबाई कितीतरी वेळ रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिल्या.

"घे मग शेवटून. लेकराच्या आड मी कशाला येऊ?"

शेवटचे दोन तुकडे निघाले आणि काटा गेला. "सुरुवातीचं थोडंसुद्धा नाही का हो?" सासूबाईंनी दुकानात तीनतीनदा विचारलं. दर वेळी दुरुस्तीवाल्याने मान हलवली. तिसऱ्यांदा तर त्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

संध्याकाळी भिंगरी मधे आणि दोघी दोन बाजूंना अशा टीव्हीपुढे बसल्या. पहिल्या तुकड्यात नुसता भूकंप होता. मोटरची घुरघुर, चिंध्या आणि त्यांत रांगणारं बाळ. "ही मी?" भिंगरी किंचाळली. "शी, नाक बघ किती वाहतंय!" सासूबाईंना हसू आलं. तिलाही.

मग पडदा करडा झाला. पहाटेचा उजेड, खिडकीची चौकट. आणि अगदी जवळ, नाकाच्या शेंड्यापासून कपाळापर्यंत, तो. दाढी वाढलेली. सासूबाईंचा हात तोंडाशी गेला.

"भिंगरे," तो कुजबुजला, "तू काल चाललीस म्हणे. मी बावळट, मला दिसलंच नाही. आता आलो की पुन्हा चाल हं. पहिल्यांदाच चालतेयस असं दाखव. मी ओळखणार नाही."

"असा होता आवाज?" भिंगरीने विचारलं. "हा तर गुपचूप बोलतोय. मोठ्याने कसा बोलायचा?"

मोठ्याने बोललेलं, हसलेलं, सगळं सुरुवातीकडे होतं.

"राग नाही हं माझा," तो म्हणत होता. "चूक माझीच. तुझी आई बोलत नाहीये माझ्याशी. बघ, झोपलीये." चित्र हललं, पलंगावरून सरकत तिच्या चेहऱ्यावर येऊन थांबलं. तरुण, फुगलेला, डोळे घट्ट मिटलेला चेहरा. "झोपलीये कसली! पापण्या बघ कशा फडफडतायत. डोळे उघडले ना, तर चहा पिऊनच निघेन. थांबतो जरा."

तो थांबला. चित्र तिच्या मिटलेल्या डोळ्यांवर तसंच राहिलं. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. बाहेर कुठेतरी एक सायकल गेली. तो थांबलाच होता.

"बरं," शेवटी तो म्हणाला, आणि पडदा काळा झाला.

सासूबाईंनी सावकाश मान वळवून तिच्याकडे बघितलं. भिंगरी मात्र गुडघ्यांवर उभी राहिली आणि तिची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे फिरवलं.

"आई, तू जागी होतीस? मग डोळे का नाही उघडलेस?"