मेहुण्याची दुरुस्ती

दादाने लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी एक ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. काहीच झालं नाही. शेजारी बसलेल्या मेहुण्याची छाती फुगली.

"बघा. मागच्या वेळी तुम्ही दाखवलेलं आता चालत नाही. दुरुस्त केलं मी."

वेबसाइटमधली भोकं शोधून देणं हा दादाचा धंदा, आणि या भोकाचा जनक त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लॉगिनचं हे प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, स्वतः लिहून त्याने मोठ्या कौतुकाने बायकोच्या समुपदेशनाच्या साइटवर बसवलं होतं. चुकीचं नाव टाकलं की पान तेच नाव परत छापायचं. नावाच्या जागी हुकूम लिहिला तर तोही मुकाट पाळायचं. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा असं लिहीत नाहीत.

दादाने कोड उघडला आणि त्याला हसू आवरेना. पठ्ठ्याने फक्त दादाने वापरलेल्या त्या एका शब्दावर बंदी घातली होती.

"जावईबापू, चोराने लाल शर्ट घातला होता म्हणून तुम्ही लाल शर्टांना बंदी केलीत."

त्याने शब्द बदलून तोच हुकूम दिला. पडद्यावर लगेच दादाने हुकमात लिहिलेला संदेश उघडला. मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं, आणि दादाला मनापासून बरं वाटलं.

बहीण दारात उभी होती.

"म्हणजे काय होतं याने?"

"असा हुकूम दडवलेली लिंक कुणी तुझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांना पाठवली आणि त्यांनी लॉगिन केलं, की पासवर्ड त्याच्या हातात. पुढचं सगळं त्याने निवांत वाचावं."

"आणि हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"मागे आलो तेव्हापासून. हा ठिगळच लावणार, हेही माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"म्हटलं, बघू तरी काय दिवे लावतात."



"घरच्यांनाही न सांगितलेलं लोक तिथे लिहितात, दादा."

मग ती नवऱ्याला म्हणाली, "साइट बंद कर."

त्याने बंद केली. तिने फोन उचलून तिच्याकडे येणाऱ्यांपैकी पहिल्या माणसाला लावला. दादा काहीतरी समजवायला पुढे झाला, पण तिने पाठ फिरवली.

"हो, मीच बोलतेय. तुम्ही लिहिलेलं कुणी वाचलं असेल का, मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "नाही, बाहेरच्या कुणाची चूक नाही. आमच्या घरातल्याच दोघांची आहे."