पिंपातले फिके ठिपके

मी एक म्हातारा गप्पी मासा आहे. म्हातारा म्हणजे दीड वर्षाचा. आमच्यात हे वय थोडं नव्हे.

त्रिनिदादच्या डोंगरातल्या एका ओढ्यात मी जन्मलो. काठच्या अंबाड्याच्या झाडाची पिकली फळं पाण्यात पडत, दगडांवर शेवाळ धरे. ते खाऊन माझ्या अंगावर नारिंगी ठिपके उठले. मित्रांनो, हा रंग आम्हाला स्वतः बनवता येत नाही, तो खावाच लागतो. अंगातल्या रोगाशीही तोच झुंजतो. म्हणून माद्या आधी आमचे ठिपके पाहतात. ठिपका गडद, तर नवरा धडधाकट! तेव्हा मी फार तोऱ्यात पोहत असे.

गेल्या वर्षी ओढ्याखालच्या गावातल्या इस्मेबाईंची लेक मर्ल डासांच्या तापातून मरता मरता वाचली. बाईंनी आम्हा बारा जणांना ओढ्यातून आणून अंगणातल्या पाण्याच्या पिंपात सोडलं. डासांच्या अळ्या आम्ही फस्त करू लागलो. बाई सगळ्यांना कौतुकाने आम्हाला दाखवत.

पण बाईंना स्वच्छतेचं भारी वेड. दर शनिवारी त्या काथ्याने पिंप आतून खरवडत आणि वर फळी टाकत. हिरवा कण म्हणून उरत नसे.

"इस्मे, पिंपाला एवढं घासतेस, नवऱ्याला कधी घासलंस का गं?" शेजारचे कथबर्ट कुंपणावरून विचारत.

"तुमच्या पिंपात शेवाळ पिकतंय ना, भाजी करून खा त्याची!"

अळ्यांनी पोट भरे, पण रंग कशातून येणार? आमचे ठिपके विटले. माद्या पाठ फिरवू लागल्या. मला फार लाज वाटे.

"मासे पांढुरके दिसतात गं," कथबर्ट एकदा म्हणाले.

"धुतलं की सगळंच उजळतं!" बाई हसल्या.

मग बाईंनी ओढ्यातून एक नवा नर आणून सोडला. त्याच्या कातडीला बारीक किडे चिकटलेले होते. तो चार दिवसांत बरा झाला, कारण त्याचे ठिपके अजून पेटलेले होते. माद्या त्याच्याच मागे लागल्या. किडे मात्र आमच्यात पसरले. एकेक जण पोट वर करून तरंगू लागला. महिनाभरात त्याचेही ठिपके विटले आणि तोही गेला. "पाणीच घाण झालंय," म्हणत बाईंनी पिंप आणखी जोरात खरवडलं.

आता मी एकटा उरलो आहे, आणि किडे माझ्याही अंगाला चिकटले आहेत. मित्रांनो, पाणी निर्मळ ठेवा, पण थोडं ऊन आत येऊ द्या, पिंपाच्या एका कडेचं शेवाळ राहू द्या. आमचा तो रंगही आहे आणि औषधही.

परवा एक अळी माझ्या तोंडासमोरून वळवळत गेली. मला ती धरता आली नाही. आज ती डास झाली, फळीच्या फटीतून निघाली आणि मर्लच्या खिडकीकडे उडाली.