आधी पाय, मग कंबर

बायको जाऊन चार महिने झाले तरी मी घराबाहेर पडेना, म्हणून मेहुण्याने मला गोल्फच्या सराव मैदानावर ओढून नेलं. हा तिचा धाकटा भाऊ. दर रविवारी तिथे बादलीभर चेंडू मारतो आणि त्यातले निम्मे उजवीकडच्या कुंपणात घालतो.

"हसू नका भाऊजी. तुम्ही मारून दाखवा."

"मी काठी धरली ती फक्त जळमटं काढायला."

शिकवणाऱ्या बाई त्याला म्हणाल्या, "तुमच्या हातांना फार घाई. काठी वर गेली की लगेच हातांनी खाली ओढता. आधी वजन डाव्या पायावर जाऊ द्या. मग कंबर वळेल, तिच्यामागून खांदे. हात सगळ्यात शेवटी."

माझा चहा हातातच राहिला.

हेच मला नर्सबाईंनी शिकवलं होतं. बायकोची डावी बाजू लुळी पडल्यावर तिला पलंगावरून खुर्चीत बसवायचं काम माझं. खुर्ची माझ्या डावीकडे. तिला छातीशी धरायचं, वजन डाव्या पायावर घ्यायचं, मग कंबरेतून वळायचं. हात नुसते धरायला. वर्षभर रोज पाच-सहा वेळा केलं. ती म्हणायची, "लग्नात नाचला नाहीत, आता बरे नाचता!"

एका सकाळी दूध उतू चाललं होतं. मी तिला हातांनीच ओढलं. पाय जागचे हलले नाहीत. ती पडली, खुबा मोडला, पुन्हा अंथरुणातून उठली नाही. ती एकटीच उठायला गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं. जाईपर्यंत तिनेही मला खोटं पाडलं नाही.

मेहुण्याचा पुढचा चेंडू सरळ गेला. बाई खूश होऊन शेजारच्या माणसाकडे वळल्या.

"बघितलंत भाऊजी? एवढंसंच चुकत होतं!" मेहुणा म्हणाला.

"तुझी ताई एकटी उठली नव्हती," मी म्हणालो. "मी ओढलं तिला. दुधाच्या घाईत."

त्याने काठी खाली टेकवली. "काय म्हणालात?"

मी सगळं सांगितलं.

"आई अजून ताईला बोल लावते, माहितीये? हट्टी होती, कुणाचं ऐकायची नाही, म्हणून गेली म्हणते. रोज म्हणते. आणि मी मान डोलावतो."

"मला माहीत नव्हतं."

"कसं असेल? तुम्ही येताच कुठे!" त्याचा आवाज चढला, मग बसला. "आईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

"सांगतो."

"आज."

उरलेले चेंडू तसेच टाकून आम्ही निघालो. सासूबाई दुसऱ्या मजल्यावर राहतात. जिना अरुंद आहे, तरी तो माझ्या शेजारून चढला.