विमानाचा मूळ रंग

विमान मूळ रंगात आणा, असा संग्रहालयाच्या साहेबांचा हुकूम. सांगायला काय जातं? घासायचं मला.

वरचा पिवळा थर टोळधाडीवर औषध फवारण्याच्या दिवसांतला. तो निघाला, तर खाली पांढऱ्यावर लाल क्रॉस. तिथेच थांबायला हवं होतं. आमचे वडील, अण्णा, तरुणपणी याच विमानावर होते. लढाईतले जखमी वाहून आणायचे, हे घरात सगळ्यांना पाठ. साहेब त्यांचं नाव फलकावर लावणार होते. पण रंगाऱ्याची खोड, पॉलिश पेपरचा एक हात जास्तच मारला. क्रॉसखाली हिरवट रंग निघाला आणि त्यावर ओळीने चितारलेले छोटे बॉम्ब. अठरा.

जितके हल्ले तितके बॉम्ब काढायचे, ही वैमानिकांची रीत. पण हे तर मालवाहू विमान, बॉम्ब सोडायची सोयच नाही. साहेबांनी विमानाच्या नोंदींची जुनी वही चाळली. "आधी पिठाची पोती, मग छत्रीने उड्या मारणारे सैनिक, मग हे बॉम्ब. एक ना धड, भाराभर चिंध्या. यातला मूळ रंग तुम्हीच ठरवा."

माझं डोकंच चालेना. शेवटी अण्णांना घेऊन आलो.

ते खाली उभे राहून बॉम्बची ओळ बघत होते. "दार उघडायचं आणि ढकलायचं. मीच ढकलायचो. चित्रंही माझीच."

"मग जखमी आणायचात ते?"

"तेही खरं." त्यांनी बोटाने मोजलं. "एक कमी आहे."

"घासताना गेलं असेल."

"नाही, मी काढलंच नाही. त्या दिवशी खाली बाजार भरला होता. आम्हाला शत्रूची छावणी म्हणून सांगितलं होतं. चार दिवसांनी क्रॉस रंगवला आणि त्याच लोकांना आणायला गेलो."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांना जवळ घ्यावंसंही वाटलं. यातलं आधी काय करायचं, तेच कळेना.

"एकोणिसावा काढ," ते म्हणाले.

"तुमचा तुम्ही काढा, अण्णा." बापाशी असं मी जन्मात बोललो नव्हतो.

त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला आणि शिडी चढू लागले. ऐंशीचं वय, शिडी हलत होती.

मी शिडी धरली.